बत्तीस ठोके

हातात घड्याळ बांधा. किल्ली द्यायचं, सेकंदकाटा असलेलं एचएमटी चालेल. मोबाइल घरीच ठेवा. कानात घालायला कापूस लागेल, पण तो इथून नेऊ नका. वऱ्हाडात चाललाय, लोक हसतील.

प्रवासाचा नियम एकच. हेडफोन कानावरून काढलात की काळ मागं सुटतो. पुन्हा चढवलात की जिथून निघालात त्याच जागी येता, बत्तीस ठोके आधी. का बत्तीस, ते तिथं गेल्यावर कळेल.

आता डोळे मिटा.

आधी डिझेलचा वास येतो. मग ओल्या मातीचा, पण जेमतेम. या साली देशभर पावसानं ओढ दिलीय. तारीख 17 ऑगस्ट 2009, श्रावणातला शेवटचा सोमवार, पहाटेचे साडेचार. अकोट रस्त्यावर, अकोल्याच्या वेशीशी एक टाटा 407 उभी आहे. तिच्या हौद्यात चार बेस आणि चार टॉप स्पीकरची भिंत रचलीय आणि त्या भिंतीमागं प्लास्टिकच्या स्टुलावर तुम्ही बसलाय. वय एकोणीस. घर अमरावतीला, राजापेठेत. गाडीही अमरावतीचीच, काल दुपारी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत इथं पोचली. या गाडीला लोक डीजे म्हणतात आणि तुम्हालाही डीजेच म्हणतात, त्यामुळे डीजेवर डीजे झोपला की नाही हे पाहायला मालक मधूनमधून टॉर्च मारतो.

जनरेटर बंद आहे. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर वाजवायचा नाही, हा नियम 2000 सालचा; 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी आवळला. म्हणून सहापर्यंत तुम्हाला काम नाही. फक्त बसायचं आणि ऐकायचं.

ऐका मग. अंधारातून पावलं येताहेत. अनवाणी. ही माणसं रात्री गांधीग्रामला पूर्णेत उतरली, नदीचं पाणी भरून घेतलं आणि आता सुमारे 18 किलोमीटर चालत जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला निघालीत. 1944 साली पाऊस रुसला तेव्हा अकोल्यानं महादेवाला पूर्णेच्या पाण्याचं स्नान घातलं आणि तिथून ही कावड सुरू झाली, असं शहर सांगतं. कुणी एकट्याची कावड घेऊन चाललाय, कुणा मंडळाच्या लांबलचक बांबूंना भरण्यांच्या रांगा बांधल्यात आणि त्याखाली ओळीनं खांदे आहेत. काहींच्या तोंडावर रुमाल: पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं दगावल्याच्या बातम्या ताज्या आहेत. थोड्याथोड्या वेळानं कुणीतरी बाजूनं येतो, बांबूखाली शिरतो आणि आधीचा बाहेर पडतो. तुम्ही ते पाहता आणि विसरून जाता. तुमचं डोकं आकड्यांत अडकलंय.

आकडा दिलाय मालकानं. "सहा वाजले का मार जनरेटर. अना आज एकशेसाठच्या खाली नाई. त्या पुढच्या गाडीवाल्यानं काल एकशेपन्नास मारलं, मालूम हाय ना?"

एकशेसाठ म्हणजे मिनिटाला 160 ठोके. तुमच्यापुढं दोन तबकड्यांचा सीडी प्लेयर आहे आणि मधे मिक्सर. पडद्यावर लाटा दाखवणारा संगणक नाही, ठेके आपोआप जुळवणारं बटण नाही. डाव्या बाजूचं गाणं रस्त्यावर वाजणार, उजव्या बाजूचं फक्त तुमच्या कानात. ठोके मोजायचे ते घड्याळावर: पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. डावीकडचा ट्रॅक पंधरा सेकंदांत 32 ठोके देतो, म्हणजे 128. हा नेहमीचा नाचायचा वेग. उजवीकडचा पंधरा सेकंदांत 40, म्हणजे 160. तो अमरावतीतल्याच एका पोरानं फ्रूटी लूप्सवर बनवलाय. त्या बेल्जियमच्या सॉफ्टवेअरचं नाव 2003 मध्ये एफएल स्टुडिओ झालं, पण राजापेठेत ती बातमी पोचायचीय.

नाचायची बहुतेक गाणी चार-चार ठोक्यांच्या आठ घरांनी बांधलेली असतात. चार आठे बत्तीस. बत्तीस संपले की गाण्यात काहीतरी बदलतं: ढोल येतो, बाई गायला लागते, नाहीतर सगळं थांबून पुन्हा कोसळतं. नाचणाऱ्याला हे मोजावं लागत नाही, त्याच्या गुडघ्याला ते ठाऊक असतं. नवा ट्रॅक आणायचा तो या उंबरठ्यावर. 128 वर बत्तीस ठोके बरोबर पंधरा सेकंद चालतात. 160 वर बारा. वेग वाढला की तीन सेकंद गेले, आणि हातांना काम मात्र तेवढंच: पिचचा स्लायडर सरकवा, जुन्याचा बेस काढा, नव्याचा घाला, आणि 407 खड्ड्यात आपटून सीडी उडाली तर तीही सावरा.

जलद गाण्यांत चूक दडतही नाही. एक ट्रॅक 160 वर आणि दुसरा 159.5 वर असेल, तर बत्तीस ठोक्यांत दोघांमध्ये सेकंदाच्या जवळजवळ पंचविसाव्या भागाचं अंतर पडतं. कागदावर ते काहीच नाही. चार बेसमधून ते 'धड'चं 'ध-धड' होऊन येतं आणि छातीत बसतं.

आजची अडचण याहून मोठी आहे. पिचचा स्लायडर वर आठ टक्के आणि खाली आठ टक्के जातो. 128 ला कितीही ताणा, 138 च्या वर चढत नाही. 160 ला कितीही ओढा, 147 च्या खाली उतरत नाही. मधे नऊ ठोक्यांची दरी. एक बटण दाबलं की सोळा टक्के मिळतात, पण मग गाणं दोन-अडीच पट्ट्या वर सरकतं आणि गाणारी बाई उंदरासारखी चिरकते.

सहा वाजतात. तुम्ही कानात कापूस घालता आणि जनरेटर धरतो. 128 चा पहिला ठोका पडतो तशी शेजारच्या घराची खिडकी थरथरते. वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्या स्टुलाशी त्याच्या कितीतरी वर आकडा असेल. आतून एक हात येतो आणि खिडकी लावून घेतो. गाडीपुढची पोरं नाचायला लागतात. मालक केबिनमधून हात काढून बोट वर करतो: चढव.

तुम्ही सोळा टक्क्यांचं बटण दाबता. डावा वर, उजवा खाली, कुठंतरी मधे दोघं भेटतील या हिशेबानं बत्तिसाव्या ठोक्याला उजव्याच्या आवाजाचा स्लायडर उघडता.

ते भेटत नाहीत. दोन नवखे बैल एका जुवाला जुंपल्यावर जे होतं ते होतं. बाई चिरकते, ढोल अडखळतो, दोन बेस एकमेकांवर आपटून रस्त्यावर नुसता गडगडाट उरतो. नाचणारी पोरं पाय हवेत धरून थांबतात. वाईट त्यांच्या मागं घडतं. बांबूखालची ओळ गाडीच्या ठेक्यावर चालायला लागली होती. पुढच्याचं पाऊल थबकतं, मागच्याचं पडतं, बांबू झोल खातो आणि रात्रभर जपून आणलेलं पाणी काठावरून सांडतं. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा मान वर करून तुमच्याकडं बघतो. रागानं नाही. पोराच्या हातून पहिल्यांदा तिफण वाकडी गेली की बघतात तसं.

"काय करून राह्यला बे!" मालक ओरडतो.

तुम्ही हेडफोन काढता.

ऊन. डोळे दिपवणारं, मे महिन्याचं ऊन. साल 1995, अमरावती, जवाहर गेटजवळची अरुंद गल्ली. पारा 44 च्या आसपास आणि वरात अजून मंडपापासून लांब आहे. पुढं डफडेवाले, त्यांच्यामागं लाल कोटातला बँड: ट्रंपेट, क्लॅरोनेट, साइड ड्रम, खांद्याला अडकवलेला कॅसिओ. पानटपरीवरच्या टेपात कॅसेट अडकलीय आणि टपरीवाला पेन्सिल घालून ती गुंडाळतोय. याच उन्हाळ्यात लंडनमधली पोरं जंगल नावाच्या, 160 च्या पुढच्या ठेक्यावर नाचताहेत आणि रॉटरडॅममध्ये गॅबर नावाचा त्याहून जलद प्रकार भिंती हलवतोय. या गल्लीत ते कुणाच्या गावी नाही. इथं नवरदेवाच्या काकांना एवढंच हवंय, की हे गाणं संपवा आणि नागीण लावा.

आता बँडमास्तरकडं बघा. तो गाणं वाजवता वाजवता मागं वळतो आणि डावा हात वर धरतो. पाच बोटं मिटतात. साइड ड्रमवाला त्याच ठेक्यात एक तुकडा वाजवतो, तोच पुन्हा, तोच पुन्हा. तीनदा. तिसऱ्याचा शेवटचा ठोका सगळे एकदम मारतात, आणि मग काहीच नाही. गल्लीत फक्त टपरीवरच्या टेपाची खरखर. लोक श्वास घेतात, एक पोरगी घाम पुसते. तेवढ्यात क्लॅरोनेट दुसऱ्याच, दुप्पट वेगाच्या सुरात शिरतं आणि काका जमिनीवर.

वरात थांबते तेव्हा तुम्ही मास्तरला विचारता, वेग बदलताना ठेका तुटला कसा नाही?

"तुटला नाई म्हणजे? आम्हीच तोडला ना," तो ट्रंपेटमधलं पाणी झटकत म्हणतो. "पण सांगून तोडला. तीनदा सांगतलं का आता संपते, आता संपते, आता संपलं. मंग लोकाइले वाईट नाई वाटत. तुमी काय करता, एक मेला नाई तं दुसऱ्याले त्याच्या अंगावर टाकता."

तुम्ही काय करता हे याला कसं कळलं, हा प्रश्न विचारायचं राहून जातं, कारण काळ आणखी मागं सरकू लागलाय.

वाटेत दोन ठिकाणं लागतात. उतरू नका, खिडकीतून बघा. 1990 च्या सुमारास हणजुण्याचा किनारा: गोव्यातल्या रात्रभराच्या नाचांना डीजे कॅसेट आणि डॅट टेप वापरताहेत, कारण उन्हात आणि रेतीत रेकॉर्ड वाकडी होते. डॅटच्या यंत्राला पिचचा स्लायडर नाही, म्हणजे ठेका जुळवायची सोयच नाही. म्हणून गाण्यांची टोकंच ठेक्याविना राहतात, नुसता वारा वाहावा तसा आवाज, आणि सांधा त्या वाऱ्यात पडतो. मग 1982, मुंबई: चरणजित सिंग नावाचे सिनेसंगीतातले वादक रोलँडच्या नव्या यंत्रांवर दहा रागांची तबकडी करताहेत, खाली यंत्राचा सलग, न थकणारा डिस्को ठेका. पाच वर्षांनी शिकागोतून ॲसिड हाउस निघेल ते त्याच यंत्रांतल्या एकाच्या, टीबी-303 च्या किरकिरीवर. या तबकडीचं नाव फारसं कुणी घेणार नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघेल तेव्हा जग चकित होईल. 407 वर बसलेल्या तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी मालकानं 160 च मागितले असते.

शेवटचा थांबा. घड्याळ खिशात घाला. इथं दशक 1950 चं आहे आणि एचएमटीची घड्याळं 1961 पासूनची. जागा मोझरी, अमरावतीहून नागपूरच्या वाटेवर. 1935 मध्ये तुकडोजी महाराजांनी इथं गुरुकुंज आश्रम उभा केला. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना झालीय आणि आता भजन चाललंय. माणसं मातीवर ओळीनं बसलीत, स्पीकरची भिंत कुठं नाही, तरी आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचतोय तो खंजिरीमुळं. वीतभर लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कडेला झांजेच्या चकत्या.

तुम्ही सवयीनं मोजू लागता आणि गोंधळता. टाळ्या संथ पडताहेत, चालायच्या वेगानं. खंजिरी मात्र भरभर चाललीय. दोन वेगळे वेग, तरी कुणी कुणावर आदळत नाही. शेजारचे गृहस्थ, डोक्यावर भगवी टोपी, तुमची चाळवाचाळव बघून कानाशी वाकतात. "काय मोजून राह्यला बाबू?"

"दोन ठेके आहेत का, दादा?"

"एकच हाय. टाळी एक मारते, थाप दोन मारते." ते तुमचा हात धरून गुडघ्यावर ठेवतात आणि दाखवतात: तळहात एकदा, त्याच वेळात बोटं दोनदा. "म्हातारे टाळीवर राहतात, पोरं थापेवर. भजन एकच."

दुगुन. गाणं शिकणाऱ्या कुठल्याही पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात ती. लंडनच्या जंगलातही पुढं हेच होणार आहे: ड्रम 160 वर धावणार आणि खालून रेगेचा बेस 80 वर रमतगमत चालणार. तुम्ही दरीवर पूल बांधत बसला होता, 128 पासून 160 पर्यंत. 160 चा खरा शेजारी तिथं नव्हताच. तो 80 वर होता, आणि पहाटे साडेचारपासून तुमच्या गाडीशेजारून अनवाणी चालत होता.

"जय गुरुदेव," गृहस्थ हात सोडतात. तुम्ही हेडफोन चढवता.

डिझेल. सहा वाजून काही मिनिटं. डावा ट्रॅक 128 वर चाललाय आणि बत्तीस ठोके उरलेत. मालकाचं बोट अजून वर आहे.

पहिले सोळा जाऊ द्या. सतराव्याला बेस काढा. रस्त्यावर फक्त वरचा ढोल राहतो. पंचविसाव्याला क्यूचं बटण: तोच तुकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच. तीनदा सांगा. बत्तिसाव्याला आवाजाचे दोन्ही स्लायडर शून्यावर आणा.

शांतता. जनरेटरची घरघर तेवढी. मालकाचं डोकं केबिनमधून बाहेर येतं. त्याच्याकडं बघू नका. एका कानावरून हेडफोन अर्धा सरकवा आणि रस्ता ऐका. ठेका थांबला तरी ओळ थांबलेली नाही. टाळ चाललेत, महादेवाचा गजर चाललाय आणि खाली पावलं. घड्याळ बघा. पंधरा सेकंदांत वीस पावलं पडायला हवीत. काटा पंधरावर येतो तेव्हा विसावं पाऊल उचललेलंच आहे, टेकलेलं नाही. म्हणजे 80 नाही, 79. माणसं रात्रभर चाललीत, हा एक ठोका त्यांच्या टाचांनी खाल्लाय.

मालकानं 160 सांगितले आहेत. पिचचा स्लायडर खाली घ्या, उणे सव्वा टक्क्यापर्यंत. 158. कानातला ट्रॅक आता पावलांच्या दुप्पट वेगानं चाललाय, पण किंचित पुढं आहे. तबकडीच्या कडेला बोट टेकवा, दाबू नका, चालत्या बैलाच्या पाठीवर हात ठेवतात तेवढंच. ठोका मागं सरकतो. आणखी थोडा. आता दर दुसऱ्या ठोक्याखाली एक पाऊल आहे.

आवाजाचा स्लायडर उघडा, पण बेस बंद ठेवून. रस्त्यावर फक्त झांजेसारखी बारीक खळखळ येते, टाळांतच मिसळते. कुणी वळून बघत नाही. पोरांचे खांदे मात्र हलायला लागलेत.

आणि आता, बेसच्या बटणावर बोट असताना, पांढऱ्या मिशांचा म्हातारा दिसतो. त्याच्या मागून एक पोरगा येतो. तो बांबू ओढत नाही, काही बोलत नाही. आधी बाजूनं चालतो, म्हाताऱ्याच्या पायांकडं बघत, स्वतःचं पाऊल एकदा आखडतं घेऊन जुळवतो. मग खांदा खाली घालतो. चार पावलं दोघांचेही खांदे बांबूखाली आहेत, ओझं दोघांवर. चौथ्यानंतर म्हातारा गुडघा किंचित वाकवून बाहेर सरकतो. बांबू झोल खात नाही.

चार पावलं, म्हणजे तुमचे आठ ठोके.

तुम्ही तेवढेच मोजता आणि आठव्याला बेस सोडता. पोरं उसळतात. मालक खूश होऊन पत्र्यावर थाप मारतो. दोन ठोके कमी आहेत हे त्याला कधीच कळणार नाही. म्हातारा रस्त्याच्या कडेला थांबून उजवा खांदा चोळतोय. भरण्यांची रांग त्याच्यासमोरून पुढं जाते, काठोकाठ, आणि त्याला बघण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तोही चालायला लागतो.